वार्ताहराचे मामा

लालबाग

प्रिय अनुजा,

फोनवर तुझा आवाज ऐकला की मी नुसतं जेवलीस का, झोपलीस का विचारत बसते आणि सांगायचं तेच राहतं, म्हणून लिहितेय. तू दादरला राहायला गेल्यापासून घर फार नीटनेटकं असतं. मला ते मुळीच आवडत नाही.

तुझी बातमी आली त्या दिवशी चाळीत कुणी माझ्याशी धड बोलेना. दत्तूमामा इथला नगरसेवक, माझा पाठचा भाऊ. आणि आपल्या चाळीला भरपूर पाणी मिळावं म्हणून तो मागच्या सिद्धार्थ चाळीचा व्हॉल्व्ह अर्धा बंद ठेवायला लावतो, हे छापलं सख्ख्या भाचीने! ‘पोरगी घरभेदी निघाली,’ असं शेजारणींनी मला ऐकवलं. मी बातमी पुन्हा वाचली. तू दोन्हीकडच्या नळांवर जाऊन उभी राहिलीस, पाणीखात्यात खात्री करून घेतलीस. मामाचं म्हणणं शब्द न बदलता दिलंस. त्याने बालवाडीला छप्पर घालून दिलं, तेही लिहिलंस. शेवटी ‘नगरसेवक या वार्ताहराचे मामा आहेत’ हेसुद्धा लपवलं नाहीस. तिथे मला भरून आलं गं. मग मी ताठ मानेने पाणी भरायला गेले.

परवा मामा आला. म्हणाला, ‘ताई, अनुजाक सांग, नेटवरची ती बातमी काढून टाक म्हणून. निवडणूक तोंडावर इली.’

‘त्यात खोटा काय आसा, ता दाखव,’ मी म्हटलं.

त्याने चहाचा कप खाली ठेवला. ‘खोटा काय नाय गो. पण भाची ना ती माझी?’

‘भाची आसा म्हणून गप रवाक व्हया?’

चहा अर्धा टाकून गेला. पण व्हॉल्व्ह आता पूर्ण उघडलाय. सिद्धार्थ चाळीतल्या रमाबाई कांबळे सांगत होत्या, वरच्या मजल्यावरही पाणी चढतं. आपल्याकडे धार बारीक झाली म्हणून काहीजण कुरकुरतात. कुरकुरू देत.

आता खरं कारण. रविवारी मामाने दोन्ही चाळींची सभा ठेवलीय. निवडणूक झाल्यावर तो व्हॉल्व्ह पुन्हा फिरणार नाही कशावरून, हे मी सगळ्यांसमोर त्याला विचारणार आहे. तू ये, पण माझ्या शेजारी बसू नकोस, पत्रकारांत बस. मी अडखळले तर तेही लिही. फक्त ‘एका रहिवासी महिलेने विचारलं’ असं छापू नकोस. पूर्ण नाव घाल: शुभदा मनोहर परब, नगरसेवकांची थोरली बहीण आणि वार्ताहराची आई.

तुझीच,
आई