आवाजाच्या शेऱ्यावर अडलेल्या अस्थी

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
वारस पडताळणी कक्ष,
दहनभूमी विभाग, दुसरा मजला.

विषय : माझ्या मयत पतीच्या अस्थी मला देण्याबाबत, आणि माझ्या आवाजावर मारलेला शेरा रद्द करण्याबाबत.

संदर्भ : आपले पत्र, जावक क्रमांक ४११. शेरा : 'नाते विश्वासार्ह वाटत नाही.'

महोदय,

१. मी पत्र्याच्या कारखान्यात प्रेस मशीन चालवतो. बावीस वर्षे झाली. माझे पती त्याच खात्यात मशीनला साचे बसवायचे. त्यांना सगळे मास्तर म्हणत, घरी मीही मास्तरच म्हणायचो. आमचे लग्न अकरा वर्षांपूर्वी आपल्याच इमारतीत, तळमजल्यावर नोंदले गेले. मास्तर हृदय बंद पडून गेले. त्यांच्या अस्थी आपल्या खोलीत फळीवर ठेवलेल्या आहेत. नव्वद दिवसांत जवळच्या नातेवाइकाने नेल्या नाहीत, तर आपण बेवारस अस्थींबरोबर त्यांची विल्हेवाट लावता. आज एकाहत्तरावा दिवस आहे.

२. कारखान्याच्या वसाहतीत दोन खोल्यांचे घर फक्त जोडप्यांना मिळते. घरासाठी दोन पुरुष नुसते कागदावर लग्न लावून घेतात असा आपल्या कक्षाला संशय आहे, म्हणून दाखला असला तरी निरीक्षक माणूस तपासायला येतात. संशय घेण्याला माझी हरकत नाही. पण घरासाठी खोटे लग्न केलेला माणूस घर ताब्यात असताना अस्थींसाठी चार वेळा रांगेत कशाला उभा राहील, एवढा विचार कुणीतरी करायला हवा होता.

३. निरीक्षक साहेब घरी आले. दाखला मी टेबलावर काढून ठेवला होता, तो त्यांनी उघडलासुद्धा नाही. मला म्हणाले, "बोला काहीतरी." मी विचारले, कशाबद्दल. "कशाबद्दलही बोला हो, मला फक्त ऐकायचंय." वीस मिनिटे मी पाण्याच्या वेळा आणि मशीनचे तेल यांवर बोललो. ते मान तिरकी करून ऐकत होते, बिघडलेला रेडिओ ऐकावा तसे. पत्रकात त्यांनी लिहिले : 'आवाज जाड व रांगडा. लाडिकपणा नाही, हेल नाही, हातवारे नाहीत. अशा पुरुषांची बोलण्याची ढब आढळून आली नाही.' अशा म्हणजे कशा, असे मी विचारले. ते म्हणाले, "अहो, आम्हाला कळतं. पंधरा वर्षं सर्व्हिस झालीय."

४. पंधरा वर्षांत त्यांना काय कळले, ते जिना उतरतानाच दिसले. आमच्या घराखाली तळमजल्यावर शिंप्याचे दुकान आहे. शिंपी बारीक आवाजात, शब्द लांबवत बोलतो, बोलताना मनगट हलवतो. निरीक्षक माझ्या कानाशी लागून म्हणाले, "हा मात्र वाटतो हं." शिंप्याला तीन मुली आणि एक नातू आहे. दिवसभर ओठांत टाचण्या धरून बोलायचे असल्याने त्याला तोंड फार उघडता येत नाही. त्याची बायको आत काज करत होती. तिने ऐकले आणि बाहेर येऊन म्हणाली, "साहेब, काय वाटतो ते मला सांगा ना. तीस वर्षं मीच नांदतेय त्याच्याबरोबर." निरीक्षकांना एकदम पुढची भेट आठवली.

५. जिना उतरण्याआधी त्यांनी शेजारच्या काकूंचाही जबाब घेतला होता. त्या म्हणाल्या, "दोघं सकाळ-संध्याकाळ ओरडायचे हो एकमेकांवर!" हे खरे आहे. प्रेसखात्यात शेजारच्या माणसाशी बोलायचे तरी ओरडावे लागते. तिथे आयुष्य काढलेल्या माणसाचा आवाज घरी आल्यावर उतरत नाही. आम्ही मीठ मागितले तरी मारामारी चालल्यासारखे वाटे. शिवाय ओला टॉवेल पलंगावर टाकण्यावरून आम्ही खरोखरही भांडायचो. निरीक्षकांनी लिहिले, 'सततचे वाद, जवळीक नाही.' साहेबांचे लग्न झाले आहे की नाही, मला ठाऊक नाही. झाले असेल तर त्यांनी हा शेरा घरी वाचून दाखवावा.

६. मी फेरपडताळणी मागितली. खिडकीवरच्या कारकुनाने मला बाजूला घेऊन सांगितले, "काका, थोडं तसं बोला ना. सिनेमात बोलतात बघा, तसं. काम होऊन जाईल." कारकून मनाने वाईट नाही. पण खरोखर मऊ बोलणाऱ्या पुरुषांची रस्त्यात नक्कल करून त्यांना छळायचे, आणि मी तसा बोलत नाही म्हणून माझे नाते खोटे ठरवायचे, हे एकाच जगाला कसे जमते, हे मला समजलेले नाही.

तरीही मी ऐकले. मी छप्पन वर्षांचा आहे. चार दिवस मी न्हाणीघरात आरशासमोर सराव केला. शब्द लांबवले, मान वाकडी केली, हात हलवला. मग आपल्या कार्यालयात, सात माणसांसमोर, निरीक्षकांनी विचारले, मयत कसे वारले ते सांगा. मी त्या आवाजात सांगितले. मास्तर बूट घालायला खाली वाकले आणि उठलेच नाहीत, दुसरा बूट हातातच राहिला, हे मी मान वाकडी करून, हात हलवत सांगितले. रजिस्टरमागे कुणीतरी हसले. मास्तर कसे गेले ते मी तोवर कुणालाही सांगितले नव्हते. पहिल्यांदा सांगितले ते असे.

निरीक्षकांनी लिहिले, 'बोलणे बनावट.' त्यांच्या सगळ्या पत्रकात एवढा एकच शेरा बरोबर आहे.

७. निरीक्षकांनी मास्तरांची तपासणी केली असती, तर तेही नापास झाले असते. ते फोरमनला शिव्या घालत, आईशी फोनवर लहान मुलासारखे बोलत, आणि जेवताना अजिबात बोलत नसत. यातले कुठले बोलणे आपल्या मापात बसते? दोघेही नापास, तर त्या घरात अकरा वर्षे कोण राहिले, याचा शोध आपल्या कक्षाने अवश्य घ्यावा. मला मात्र तेवढा वेळ नाही. एकोणीस दिवस उरले आहेत.

८. तरी विनंती अशी की, येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता मी खिडकीवर येईन. रजा टाकली आहे. त्या दिवशी मी तोंड उघडणार नाही. जाड नाही, बारीक नाही, कोणत्याच आवाजात बोलणार नाही. दाखला समोर ठेवीन. सही जिथे करायची तिथे बोट ठेवावे आणि अस्थी माझ्या हातात द्याव्यात. त्या हातात आल्यावर मी बोलेन. पण ते आपल्याशी नसेल, त्यामुळे ते लिहून घेण्याचे कष्ट घेऊ नयेत.

अजून तरी आपला नम्र,
(सही)
मास्तरांचा नवरा
प्रेस खाते, दुसरी पाळी

दिनांक : मास्तर गेल्यापासूनचा एकाहत्तरावा दिवस

सोबत :
१) लग्नाचा दाखला. तिसरी प्रत. आधीच्या दोन आपल्याकडेच आहेत.
२) शिंप्याच्या बायकोचे पत्र. मी वाचलेले नाही. निरीक्षकांनाच द्यावे असे तिने बजावले आहे.
३) मास्तरांच्या मृत्यूचा दाखला. कालच आपल्या तळमजल्यावरून मिळाला. त्यात 'पती' या रकान्यात माझे नाव आहे. तो देताना मला कुणी बोलायला लावले नाही.