गाण्याआधीचा हशा

१२ डिसेंबर

ती. आई,

महिनाभर पत्र नाही, रागावू नकोस. हिवाळ्याचा हंगाम सुरू झालाय. ऑपेरातल्या गाण्याचा अर्थ पडद्यावर ओळीओळीने दाखवायचं काम माझ्याकडे आहे. जेवण वेळेवर होतं.

काल मात्र विनोदाची ओळ मी आधीच दाखवली. गायिकेने तोंड उघडण्याआधीच प्रेक्षक हसले! नंतर ती म्हणाली, "बाई, माझा हशा तुम्हीच खाल्लात. पुन्हा असं झालं तर दुसरं माणूस मागेन."

गोष्टीचा शेवट आधी सांगून टाकायची माझी खोड तुला ठाऊकच आहे. दादा अजून त्यावरून चिडवतो का? काल माझी नुसती घाई झाली, की टाळी मलाच हवी होती? काही असो, हे काम मी सोडणार नाही.

तुझा गुडघा कसा आहे?

तुझीच,
धाकटी

उद्या: तालमीत पडद्याकडे नाही, गायिकेच्या तोंडाकडे बघायचं.