राजूरचा सातवा दगड

६ जानेवारी २०२५, कळंब
प्रयोगशाळेतून आले आकडे! सातपैकी सहा दगड माझ्या विरुद्ध.

राजूरच्या खाणीतला हा चुनखडक म्हणजे जुन्या समुद्राचा तळ. त्यातल्या शिशावरून त्याचं वय निघतं. २०१९ साली मी छातीठोकपणे छापलं — हा समुद्र सगळे समजतात त्याहून वीस कोटी वर्षांनी तरुण! त्यावर नोकरी, त्यावर नाव. आता नवे सहा दगड म्हणतात, बाई, चुकलीस. फक्त सातवा माझ्या बाजूने.

७ जानेवारी
सातवाच खरा. बाकीचे झिजलेले असतील. असतीलच! (विद्यार्थ्याने असं लिहिलं असतं तर सोलून काढला असता.)

९ जानेवारी
सातव्याचा उरलेला तुकडा प्रयोगशाळेतून घरी परत आला होता. भिंगाखाली धरला. बारीक चिरेत केशरी रेघ. गंज म्हणावा तर तेलकट. शेंदूर! आणि शेंदरात शिसं असतं. दगडाचा वरचा थर प्रयोगशाळेत घासून टाकतात, पण तेलात कालवलेला शेंदूर आत मुरतो.

आई वाती वळत बसली होती. विचारलं.

"मंग? गोट्यायचं खोकं घरातून निघून राह्यलं होतं. चिंतामणीचा शेंदूर लावला वरच्या गोट्याले. तुही स्कूटर आली तवा नाही लावला काय?"

आधी हसू आलं. मग लक्षात आलं — सातवाही गेला.

१० जानेवारी
२०१९ चे दगडही याच घरातून गेले होते. आठ दिवस देव्हाऱ्याशेजारी पडून होते — मीच ठेवले होते. विचारू? नको.

११ जानेवारी
नाही विचारलं. तीनदा स्वयंपाकघरात गेले, पाणी पिऊन परत आले. "काहून वं, इतकी तहान लागून राह्यली तुले?"

भीती वाटते. सरळ लिहिते — भीती वाटते.

१३ जानेवारी
विचारलं.

"तवा? तवा तं साऱ्याच गोट्यायले लावला. तुहं पयलंच काम होतं ना, पोरी. पाह्य, कसं नाव झालं!"

१४ जानेवारी
२०१९ चा शोधनिबंध मागे घेण्याचं पत्र लिहिलं. कारण : 'नमुने माझ्याच हलगर्जीपणामुळे दूषित झाले.' आईला एवढंच सांगितलं, महत्त्वाचं पत्र आहे. तिने लगेच लॅपटॉपला शेंदराचं बोट लावलं. लावू दिलं. मग पाठवलं.