भिमाबाईची भीती

गंगापूर रोड, नाशिक
१४ ऑक्टोबर २०२४

ती. स्व. सुमनआत्यास,
उज्वलाचा सा. न.

तुझ्या शेजारची भिमाबाई दिंडोरीला द्राक्षछाटणीला आलेली, ट्रॅक्टरवरून उतरताना पडली. उजवं मनगट मोडलं. आमच्याच हॉस्पिटलात आणली आणि भूल द्यायला नेमकी मीच. बेशुद्ध न करता नुसता हात बधिर केला: दंडाला पट्टा आवळून खाली शिरेत औषध. माझ्या संशोधनाच्या अभ्यासात या औषधात स्नायू सैल करणारं औषधही थोडं मिसळतो, म्हणजे हाड सहज जागेवर बसतं. बसलंही. पण मध्येच तिनं बोटं हलवून पाहिली, हलेनात. ओरडली नाही, तोंड फिरवून रडत राहिली. पट्टा सोडल्यावर बोटं हलली, तेव्हा म्हणाली, मला वाटलं हात मेला.

संमतीच्या कागदावर 'स्नायू शिथिल होतील' असं होतं. मी वाचून दाखवलं, डावा अंगठा घेतला. तू इतकी वर्षं नर्स होतीस. माझं चुकलं का? तिला अभ्यासातून वगळू का?

पाठीवर हात असू दे.
तुझी उज्वला

सुरगाणा
२२ ऑक्टोबर

चि. उज्वलास अ. उ. आ.

अक्षर अगदी डॉक्टरांचं झालंय हो तुझं, दोनदा वाचावं लागलं. पत्र घेऊन भिमाबाईकडेच गेले. हात गळ्यात बांधून नागलीचं पीक राखत बसली होती.

चुकलं. शिथिल हा शब्द तिच्या घरात कोण बोलतं? दुखणार नाही, एवढंच तिला कळलं होतं. वगळायचं का, ते मी तिलाच विचारलं. म्हणाली, नाव राहू द्या, औषध चांगलं हाय, दुखलं नाय. पण हाड कसं बसलं ते लिवलं, तसं मी भ्याले तेबी लिवा म्हणावं.

जेवणाची आबाळ करू नकोस. या म्हातारीवर माया ठेव.
सुमनआत्या

नाशिक
९ डिसेंबर

ती. स्व. आत्यास सा. न.

लिहिलं. आमचे मोठे डॉक्टर म्हणाले, भीतीला रकाना कुठाय? एथिक्स समितीची परवानगी काढून नवा रकाना पाडला. आता सुईआधी प्रत्येकाला सांगते, हात दिसेल तुमचाच, पण थोडा वेळ तुमचं ऐकणार नाही; मग पुन्हा ऐकेल.

काल दत्तू नावाचे गवंडी होते. हात सैल पडल्यावर ते हाताकडेच बघत राहिले. मग म्हणाले, बाई, तुम्ही सांगितलं होतं खरं, तरी भ्या वाटतंय. जरा मला दिसाल अशा उभ्या राहा.

पट्टा सुटेपर्यंत मी तशीच उभी राहिले.

अशीच कान धरत राहा.
तुझी उज्वला