थॉर्नशॉ टाऊनचा वैद्यकीय विभाग

२४ ऑगस्ट १९७३, शुक्रवार

उद्यापासून सीझन. बादली घासली. स्पंज नवा आणला. जुना मेव्हिसने जिना पुसायला घेतला, तेव्हा मला जरा गलबलून आले. त्या स्पंजाने किती पाय उभे केले ते बायकोला काय ठाऊक.

संकल्प: चिडायचे नाही. मॅनेजर लेन थ्रेलफॉल पाणक्या म्हणाला तरी चिडायचे नाही. मी थॉर्नशॉ टाऊन फुटबॉल क्लबचा ट्रेनर आहे. मैदानावर कोणी पडला की धावत जायचे, त्याला तपासायचे, गार पाण्याचा स्पंज मारायचा आणि उभा करायचा. याला पाणक्या म्हणत नाहीत.

संध्याकाळी चेअरमन फील्डेनसाहेबांनी सगळ्यांना बोलावले. त्यांचा सपातांचा कारखाना आहे, निम्मे गाव तिथेच कामाला. म्हणाले, चौथ्या डिव्हिजनच्या तळाच्या चारांत येऊन गेली दोन वर्षे मी जूनमध्ये लंडनला जातोय. बड्या क्लबांपुढे हात जोडतो, की बाबांनो, मतं द्या, लीगमध्ये राहू द्या. यंदा तिसऱ्यांदा गेलो तर ते मला दारातूनच परत पाठवतील. आणि लीगबाहेर गेलो, की मी कारखाना सांभाळीन, क्लब नाही.

मी उभा राहून म्हणालो, साहेब, वैद्यकीय विभागाकडून निश्चिंत असा. मागे कोणीतरी हसले. खोकला असेल.

२५ ऑगस्ट, शनिवार

०-३ हरलो. पण पाच जण पडले आणि पाचही उठले. माझ्याकडून पाच-शून्य.

पाहुण्यांच्या प्रेक्षकांनी 'घरी जा, सपाता घाला' चालू केले. दर वर्षीचेच. नवे काही सुचत नाही त्यांना.

६ ऑक्टोबर, शनिवार

डेरेक हॉलरॉयड पडला. आमचा सेंटर फॉरवर्ड, गोल करणारा एवढा एकच. म्हणाला, हर्ब, गुडघ्यात कट्कन वाजलं. मी सांगितले, चिखल वाळला की वाजतो. दोनदा स्पंज मारला, पाठीवर थाप दिली, उभा केला. पुढची वीस मिनिटे तो एका पायावर खेळला. जिद्दी पोरगा.

०-१ हरलो.

८ ऑक्टोबर, सोमवार

डेरेकला इस्पितळात नेऊन गुडघ्याला प्लॅस्टर घातले. निदान तीन महिने नाही खेळायचा. इस्पितळवाल्यांना प्लॅस्टर घातल्याशिवाय करमत नाही. तिथे कोणी मिस कल्शॉ म्हणून फिजिओथेरपिस्ट आहे. वय अठ्ठावीस. तिने विचारले म्हणे, की याला मैदानात परत कोणी पाठवला, त्याचं नाव काय. चौकशी करते, म्हणजे कुतूहल आहे. शिकेल हळूहळू.

१० नोव्हेंबर, शनिवार

तळापासून तिसरे. लीगचे टेबल पाहायचे नाही असे ठरवतो आणि पेपर आला की पहिले तेच पाहतो.

लेनचा प्रस्ताव: मिस कल्शॉला आठवड्यातून दोनदा क्लबवर बोलवायचे. चेअरमन म्हणाले, ड्रेसिंग रूममध्ये बाई? माझ्या आजोबांनी बांधलेल्या स्टँडखाली? मेलो तरी नाही. मी ताबडतोब दुजोरा दिला. लेन माझ्याकडे बघून म्हणाला, तू कशाला बोलशील, हर्ब, तुझा तर धंदा बुडेल.

चिडलो नाही. मात्र अभ्यास वाढवायचे ठरवले. लायब्ररीत पायांवरचे एकच पुस्तक होते, शर्यतीच्या घोड्यांचे. तेच आणले. स्नायू तो स्नायूच. मेव्हिसने चाळून पाहिले आणि म्हणाली, यात तर पाय मोडला की गोळी घालतात. बायका नेमके तेच पान उघडतात.

२६ डिसेंबर, बुधवार

मैदान गोठलेले. कॅप्टन बॅरी हिंडल पडला, पोटरीत गोळा. धावलो. बादलीतले पाणी गोठले होते, त्यामुळे स्पंजाची वीट झालेली. हे पोटरीवर घासल्यावर लक्षात आले. चार टाके.

तरी गोळा गेला, हे कोणी बोलत नाही. बॅरीला विचारले, गोळा गेला ना? त्याने जे उत्तर दिले ते रोजनिशीतसुद्धा लिहिण्यासारखे नाही.

१६ जानेवारी १९७४, बुधवार

विजेची टंचाई. कारखाने आठवड्यातून तीनच दिवस चालू, दिव्याखालचे सामने बंद. आज भर दुपारी खेळलो. सपातावाले घरीच असल्यामुळे गर्दी बरी होती. १-४ हरलो. गर्दी लवकर गेली.

आता तळाशी. आमच्याखाली कोणी नाही. फील्डेनसाहेब सामना संपल्यावर रिकाम्या स्टँडमध्ये एकटेच बसून होते. त्यांना चहा नेऊन दिला. म्हणाले, एंटविसल, लंडनच्या त्या हॉटेलातला गालिचा मला पाठ झालाय. माझी मान वर होतच नाही तिथे.

साखर पुढे केली.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

दोन सामने लागोपाठ जिंकलो! डेरेक परतला, तीन गोल केले. मी ऑक्टोबरातच म्हणालो होतो, गुडघ्याला काही झालेले नाही.

एक काळजी: मंगळवारी संध्याकाळी मालिशला कोणी येत नाही. सगळ्यांचे दात दुखतात. आज नऊ जण दाताच्या डॉक्टरकडे. लेनला म्हणालो, टीमचं गोड खाणं बंद करायला हवं. तो म्हणाला, हो हर्ब, तू लक्ष घाल त्यात.

१६ मार्च, शनिवार

पुन्हा जिंकलो. तळापासून पाचवे! तळाच्या चारांच्या बाहेर! हा उपचारांचा परिणाम उघड आहे. मी कमी बोलतो आणि कमी चोळतो. घोड्यांच्या पुस्तकातही विश्रांतीवर भर आहे.

बॅरीच्या घोट्यावर पट्टी पाहिली. इतकी सफाईदार, की मला वाटले मीच बांधली. त्याच्या बायकोचा हात चांगला दिसतो.

मेव्हिस म्हणते, तिने बॅरीला इस्पितळाच्या मागच्या दाराने बाहेर पडताना पाहिले. मी म्हणालो, कोणी नातेवाईक आजारी असेल. ती म्हणाली, डेरेकचाही? आणि गोलकीपरचाही? मी म्हणालो, छोटे गाव आहे.

९ एप्रिल, मंगळवार

बस चुकली म्हणून सहज इस्पितळावरून गेलो. मागच्या दाराने आत गेलो, तेही सहजच. बाकावर आमचे आठ जण ओळीने बसलेले, बूट काढून. आत मिस कल्शॉ डेरेकचा गुडघा वाकवत होती. घाई नाही, पाणी नाही. गुडघा पुरता वाकत होता.

बॅरी उठून आला. म्हणाला, हर्ब, वाईट वाटून घेऊ नकोस रे. लेननेच पाठवलं. तुला सांगितलं असतं तर तू बादली घेऊन आला असतास. मी म्हणालो, मला सगळं माहीत होतं, माझी संमती आहेच.

वाईट वाटले. इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. फार वाईट वाटले. दाराबाहेर येऊन टोपी कुठे ठेवली तेच आठवेना. डोक्यावरच होती.

मग बसमध्ये विचार केला. मोठा सर्जन पट्ट्या स्वतः बांधत बसतो का? हाताखालच्यांकडे पाठवतो. ही व्यवस्था तशी योग्यच आहे. मैदानावरचे निर्णय शेवटी माझ्याकडेच.

१५ एप्रिल, सोमवार

ईस्टर. चार दिवसांत तीन सामने. मिस कल्शॉ आईकडे मोरकॅमला गेलेली, त्यामुळे सर्व सूत्रे माझ्याकडे.

तीनही हरलो. चार जण लंगडताहेत. ईस्टर यंदा फारच लवकर आला.

२६ एप्रिल, शुक्रवार

उद्या शेवटचा सामना, इथेच, क्लेब्रिजशी. आम्ही तळापासून पाचवे, ते चौथे, एका गुणाने मागे. बरोबरी झाली तरी आम्ही वाचलो. हरलो तर तळाच्या चारांत आम्ही, आणि लंडन.

दुपारी लेन आला. म्हणाला, हर्ब, उद्या शेवटी-शेवटी बॅरी पडेल. बरोबरी असेल तर पडेलच. तू जिवाचा आटापिटा करत धावू नकोस. सावकाश ये. पट्टीबिट्टी बांध. घड्याळ आपल्या बाजूचं आहे, कळलं ना? आणि डोळा मिचकावला.

कळले. चांगलेच कळले. माझे वय काढतोय. आता धावायला जमत नाही, असे सुचवतोय. त्यातून उद्या चेअरमननी मिस कल्शॉला खास स्टँडमध्ये खुर्ची दिली आहे. म्हणजे तुलना करायची आहे. करा म्हणावे.

संध्याकाळी मागच्या गल्लीत भरली बादली घेऊन धावण्याचा सराव केला. मेव्हिसला वेळ मोजायला उभे केले. शेजारीण खिडकीतून विचारत होती, आग कुठे लागली.

२७ एप्रिल, शनिवार, सकाळ

नाश्ता गेला नाही. क्लब राहिला नाही तर शनिवारी दुपारी करायचे काय, ते मला माहीत नाही. माझे सोडा, लेनला तरी कुठे माहीत आहे. बॅरीला तेहतीस पूर्ण झाली, त्याला आता दुसरा कोणता क्लब घेणार.

शांत राहायचे. वेगात राहायचे.

त्याच दिवशी, संध्याकाळ

सगळे नीट लिहायला हवे. लोक पुढे काहीही सांगतील.

०-० चालले होते. असा सामना मी पाहिला नाही. क्लेब्रिजचा एक चेंडू खांबाला लागून परत आला, तेव्हा आख्खे गाव एकदम उसासले. गोलकीपरला बोटाला लागले, गेलो, स्पंज मारला. लेनने सिगारेट उलट्या टोकाने पेटवली. फील्डेनसाहेब डोळे मिटून बसलेले. मी घड्याळ पाहायचे नाही असे ठरवले आणि पाहत राहिलो.

चार मिनिटे उरली असताना आमच्या पेनल्टी बॉक्सपाशी बॅरी पडला. आसपास कोणी नसताना पडला. म्हणजे दुखापत गंभीर.

धावलो. एक थेंब सांडला नाही. स्टँडमधून ओरडले, वा रे हर्ब! रेफरी माझ्याबरोबरच पोचला. बॅरी पोटरी धरून कण्हत होता. ओठ न हलवता म्हणाला, हळू, गाढवा, हळू. वेदनेत माणूस काहीही बोलतो. मी पोटरी दाबली. मऊ. घोटा फिरवला. फिरतो. गुडघा वाकवला. वाकतो. मिस कल्शॉने डेरेकचा वाकवला होता तस्साच. मग गार पाण्याचा स्पंज सरळ चड्डीत पिळला.

बॅरी ताडकन उठला. उठला काय, उडाला! प्रेक्षक हसले, टाळ्या वाजल्या. मी स्टँडकडे पाहिले. मिस कल्शॉने दोन्ही हात तोंडावर घेतले होते.

रेफरीने विचारले, काय झालं होतं याला? मी ताठ उभा राहून सांगितले, काहीही नाही. मी संपूर्ण तपासलंय. या माणसाला कुठेही, काहीही झालेलं नाही.

रेफरी म्हणाला, आभारी आहे. आणि बॅरीचे नाव वहीत घेतले. लागल्याचे सोंग केले म्हणून क्लेब्रिजला फ्री किक, तिथूनच, आमच्या बॉक्सपाशी. बॅरी माझी कॉलर धरून ओरडत होता. त्याने अडवायचा तो क्लेब्रिजचा माणूस मोकळा राहिला. चेंडू आला, त्या माणसाने डोके लावले.

०-१.

मी अजून बादलीसकट मैदानातच होतो.

२८ एप्रिल, रविवार

कोणी आले नाही. चर्चमध्ये आमच्या रांगेत आम्ही दोघेच.

खरे तर फ्री किकवर माणूस मोकळा सोडणे ही बचावाची चूक. वैद्यकीय विभागाचा संबंध येत नाही. मेव्हिसला हे समजावले. ती बटाटे सोलत राहिली.

७ जून, शुक्रवार

क्लबच्या ऑफिसात सगळे फोनभोवती उभे होतो. मी दारापाशी. चारनंतर लंडनहून फोन आला. लेन ऐकत राहिला, हो साहेब, हो साहेब म्हणाला आणि फोन ठेवला. आम्ही बाहेर. आमच्या जागी दक्षिणेकडचा कुठलासा क्लब.

साहेबांनी हात जोडले, पण बादलीचा किस्सा त्यांच्याआधीच तिथे पोचला होता म्हणे. बड्या क्लबांचे लोक येऊन त्यांच्या पाठीवर थापा मारत होते, हसत होते. बादलीवाल्याला आमचा सलाम सांगा, असे कोणी म्हणाले. मतही दुसऱ्यालाच दिले.

बॅरी म्हणाला, सोमवारी कारखान्यात विचारून येतो. मला वाटले, आता शिव्या देईल. दिल्या नाहीत. माझ्या बाजूने जाताना नुसता खांद्यावर हात ठेवला आणि गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

चहाच्या वेळी मेव्हिसने विचारले, हर्बर्ट, खरं सांग, त्या दिवशी बॅरीला झालं तरी काय होतं?

मी म्हणालो, काही नाही.

आणि मग चहा खाली ठेवावा लागला. कारण खरेच काही झाले नव्हते. इतक्या वर्षांत माझे निदान बरोबर निघाले ते हे एकच.