सातव्या खाटेचं शून्य

३ तारीख
पहिल्याच दिवशी माझ्यावर घोर अन्याय झाला, इतिहासाने नोंद घ्यावी. या वॉर्डात तक्ते भरायचं एकमेव पेन टेबलाला वीतभर दोरीने बांधलंय. वीस वर्षं नर्स आहे. आकडा लिहायला लोटांगण घालायची पाळी आजच आली. बाकी झकास. ऑपरेशन झालेली मुलं, लख्ख खिडक्या, बरा चहा. आधीची नर्स पोट धरून नोकरी सोडून गेली म्हणे. वेदना शून्य ते दहा मोजायची. मोठ्या सिस्टरांनी इथली पद्धत सांगितली: रडेल त्याला आकडा आणि औषध, गप्प राहील त्याला शून्य.

४ तारीख
सहाव्या खाटेवरच्या मुलीला मी नाव ठेवलंय भोंगा. चादर बदलली तरी बोंब ठोकते, म्हणून तिला डोस वेळच्या वेळी. सातवीवर चिमणी, वय सात, काल अपेंडिक्स काढलंय. हूं नाही की चूं नाही. तिची आई कौतुकाने सांगत होती, पोर जन्माची सोशिक, हात मोडला तेव्हासुद्धा दोन दिवस बोलली नाही. माझी दोरीशी झटापट पाहून चिमणीने स्वतःची लाल पेन्सिल उसनी दिली. त्याच पेन्सिलीने मी तिच्यापुढे शून्य लिहिलं.

५ तारीख
आज तीन शून्यं. तिन्ही वेळा लिहिता लिहिताच माझ्या पोटात उजवीकडे कळ. चहाच्या नावाने बोटं मोडली.

६ तारीख
चिमणीची मूठ उघडली. नखं तळव्यात रुतलेली, रक्त. शून्याच्या हसऱ्यापासून दहाच्या रडक्यापर्यंतच्या चेहऱ्यांचं चित्र दाखवून विचारलं, यातली तू कोणती? तिने शेवटच्या, दहाच्या चेहऱ्यावर बोट टेकलं. शहाण्या मुली सांगत नाहीत, म्हणाली. मोठ्या सिस्टरांकडे धावले. त्या म्हणाल्या, अहो, रडली का? नाही ना? मग झालं.

७ तारीख
अंघोळीला गेले — पोटावर टाके. काळा दोरा. माझं कधीच ऑपरेशन झालेलं नाही. जुने तक्ते काढले. शून्यं, शून्यं, सगळी आधीच्या नर्सच्या अक्षरात —

८
आठव्या खाटेवर निजवलंय मला. ओरडायचंय — घशाबाहेर येत नाही — मोठ्या सिस्टर पाहून गेल्या. शांत आहेत, म्हणाल्या. माझ्यापुढे शून्य.

चिमणीचा तक्ता हाताला लागला. शून्य खोडलं. दहा. तिला डोस आला. ती रडली — भोकाड पसरून — किती छान —

माझा तक्ता लांब, चिमणीच्या बाजूला. चिमणी चेहऱ्यांचं चित्र पुढे धरतेय. मला विचारतेय. आधी तिची पेन्सिल तिला परत. मग बोट उच