अवऱ्याचं बी आणि पाण्याची बंदी

२२ जुलै १९६१

सिद्ध झालं! अवऱ्याचं, म्हणजे वालाचं, बी पाण्यात फुगतं आणि स्पिरिटात पुन्हा आक्रसतं. कानाच्या नळीएवढ्या काचेच्या नळ्यांत भाज्यांची बियाणी घालून पाहिली—भेंडी, कारलं, अवरा. कारण किती सुबोध! कोरडं बी पाणी ओढून घेतं. स्पिरिट तेच पाणी बाहेर ओढतं. आता तमिळ पंचांगातला आडी महिना, परसापरसांत पेरणी. मुलं बी कानात घालणारच. त्यावर पाण्याची पिचकारी मारली की बी फुगून घट्ट बसतं, मग कानामागे चिरा देण्यावाचून गत्यंतर नाही. निबंध आजच मद्रासच्या वैद्यकीय मासिकाला रवाना केला.

२४ जुलै

आमच्या इस्पितळातले कानविभागाचे प्रमुख राजगोपाल सर हसले. "कमलाक्षी, पिचकारी मारता मारता माझे केस पिकले. तुझ्या नळ्या कधी लाथा मारतात का?" मी पुन्हा नळ्या मांडल्या, पुन्हा समजावलं. शेवटी—"बरं बाई, बियांना पाणी बंद!"

जिंकले!

२९ जुलै

राजवाड्यामागच्या गल्लीतली, शेषाद्रींची अंबा. पाच वर्षांची. उजव्या कानात अवऱ्याचं बी. तिची आई जयलक्ष्मी म्हणाली, "पेरायला काढून ठेवलं होतं, अक्का. ही म्हणते, कानात वेल लावला!" चिमटा गुळगुळीत बियावरून निसटला; बी आणखी आत गेलं. कानातल्या ओलाव्याने ते फुगलं असणार म्हणून स्पिरिटचे थेंब सुरू केले. अंबाने मला लाथ मारली. सर दारात उभे राहून मिशीत हसत होते.

३० जुलै

बी तसूभरही आक्रसलं नाही. कान मात्र लाल झाला. सर म्हणाले, "उद्या सकाळी चिरा. क्लोरोफॉर्मचं सांगून ठेव." टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं वाटलं असतं.

"पडद्याला काही होणार नाही ना, अक्का? ऐकू येईल ना तिला?" जयलक्ष्मीने विचारलं. स्पिरिटचा उपाय माझा.

नळ्यांत जमतं ते कानात का जमू नये? अंबाच्या कानातला कापूस उचलून हुंगला. एरंडेल!

"कानात तेल घातलं होतंस?"

"अय्यो, नाही! बियांना लावलेलं असेल. नाहीतर कीड लागते की. तुमच्या घरी लावत नाहीत?"

लावतात! सासूबाई दरवर्षी लावतात. आणि मी मात्र प्रत्येक बी साबणाने धुऊन, वाळवून नळीत घातलं. शास्त्रशुद्ध!

घरी येऊन सासूबाईंच्या डब्यातलं बी न धुता पाण्यात टाकलं. "सांबारात घालायचं तर आधी सोल तरी," त्या म्हणाल्या. जेवणं उरकली, बी होतं तसंच टणक. तेल पाण्याला आत शिरू देत नाही. म्हणजे अंबाचं बी फुगलेलंच नाही. त्यातून स्पिरिट ओढणार काय?

सकाळी चिऱ्याआधी सरांना गाठलंच पाहिजे.

३१ जुलै

सरांकडे पिचकारी मागितली. "बंदी कुणी घातली होती?" "मीच, सर." त्यांनी ती पुढे केली. कोमट पाणी. दुसऱ्याच धारेला बी ताटलीत पडलं! पडदा शाबूत.

मद्रासला तार केली—निबंध छापू नका.